तिवणेदोन

अपूर्णांकांशी माझं काही वाकडं नव्हतं. त्यांनी त्यांच्या पुस्तकात राहावं आणि मी माझ्या ऑफिसात राहावं, असा आमचा गेली कित्येक वर्षं समझोता होता. तो मोडला आमच्या मुलीच्या गणिताच्या बाईंनी. तेव्हापासून माझं डोकं जे तापलं आहे ते अजून थंड झालेलं नाही. हे लिहितानासुद्धा पेन कागदात रुततं आहे.

बाईंनी भेटायला बोलावलं म्हणून मी ऑफिसातून लवकर निघून शाळेत गेलो. मुलीला आम्ही घरात भिंगरी म्हणतो, कारण तिचे पाय एका जागी ठरत नाहीत. त्या दिवशी मात्र ती बाईंच्या टेबलाशेजारी खुंटी मारल्यासारखी उभी होती.

"साडेनऊ पडलेत," बाई म्हणाल्या. "पंचवीसपैकी साडेनऊ. हिला अपूर्णांकाची संकल्पनाच नाही."

मी पेपर हातात घेतला. पहिली साधी बेरीज-वजाबाकीची गणितं बरोबर होती. दोन मीटर कापडातून अर्धा मीटर कापलं, किती उरलं? भिंगरीनं लिहिलं होतं, दीड मीटर. त्यावर लाल फुली. एका लिटरच्या बाटलीतून एक चतुर्थांश लिटर दूध ओतलं, किती उरलं? पाऊण लिटर. लाल फुली. पुढे सव्वा, अडीच, पावणेतीन, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक फुली. शेवटच्या गणितात एक तृतीयांश होतं, तिथे तिनं काहीच लिहिलं नव्हतं. त्या कोऱ्या जागेवरसुद्धा फुली होती.

"पण बाई, दीड बरोबर आहे ना?"

"उत्तर एक पूर्णांक एक द्वितीयांश असं आहे."

"म्हणजे दीडच की!"

"पालक म्हणून तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे," बाई म्हणाल्या. असं कुणी मला समजूतदारपणे म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "दोष मुलीचा नाही, तुमच्या घरातल्या भाषेचा आहे. मूल ज्या शब्दांत विचार करतं, त्या शब्दांतच अडकतं. पाव, पाऊण, सव्वा हे घरातले शब्द आहेत, गणितातले नाहीत. ते बंद करा. नाहीतर सत्रानंतर हिला पायाभरणी तुकडीत घालावं लागेल."

पायाभरणी तुकडी म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे पाचवीतली मुलं मणी मोजत बसतात. त्या खोलीत गेलेलं मूल पुन्हा आपल्या वर्गात आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. बाकीच्या मुलांनी तिला नावही ठेवलं आहे, 'गोडाऊन'. भिंगरीची मैत्रीण मागच्या वर्षी तिथे गेली, आणि आता ती मधल्या सुट्टीतसुद्धा कुणाशी बोलत नाही. घरी येताना भिंगरीनं मला एकच विचारलं, "बाबा, मी गोडाऊनमध्ये जाणार का?" मी म्हटलं, "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही." बाप असं काहीतरी बोलून जातो आणि मग ते निभावावं लागतं.

मी ऑफिसात पत्रव्यवहार विभागात आहे. लोकांची वाक्यं सरळ करणं हाच माझा धंदा, त्यामुळे शब्दांनी विचार घडतो वगैरे बाईंचं म्हणणं मला मनातून पटलं होतं. पटलं म्हणूनच जास्त राग आला. पण आधी कायदेशीर मार्ग धरावा म्हणून दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या कार्यालयात फेरतपासणीचा अर्ज मागायला गेलो.

"फेरतपासणी बेरीज चुकली असेल तरच होते," कारकून म्हणाले. "बेरीज चुकली आहे का?"

"नाही. बाई चुकल्या आहेत."

"त्याचा अर्ज वेगळा."

"मग तो द्या."

"तो छापलेला नाही," ते म्हणाले, आणि खिडकीची फळी अर्धी खाली ओढली. "मोठ्या बाईंना भेटायचं असेल तर दीड वाजता या."

मी दीड वाजता गेलो. खिडकीवर पाटी लटकत होती : जेवणाची सुट्टी, पाऊण ते अडीच. मी त्या पाटीसमोर उभा राहिलो आणि माझ्या कानातून वाफ निघते आहे की काय असं मला वाटलं. या शाळेत दीड वाजत होता, पाऊण वाजत होता, अडीच वाजत होते, फक्त माझ्या मुलीच्या पेपरात ते वाजलेले चालत नव्हते. पण हे सांगायचं कुणाला? खिडकी बंद होती.

संध्याकाळी जिन्यात तळमजल्यावरचे निवृत्त साहेब भेटले. साहेब पूर्वी बांधकाम खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि अजूनही समोरचा माणूस म्हणजे सही राहिलेली फाईल आहे, अशा नजरेनं बघतात.

"बाई बरोबर बोलल्या," ते म्हणाले. "मी आयुष्यभर पूल बांधले. पुलाच्या कामावर कुणी पाऊण म्हणालं असेल, तर तो पूल माझा नाही. घरात बंदी घाला. एकदम. आजपासून."

आवाज ऐकून समोरच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या. त्यांच्या मुलाला गणितात पदकं मिळाली आहेत आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी दारासमोर टांगलेली आहेत. "अंश-छेद आता कोण वापरतं, भावजी? दशांश वापरा. शून्य पूर्णांक पाच. आमच्याकडे झोपेतसुद्धा दशांशात बोलतात."

"दशांश हा आळशी माणसांचा अपूर्णांक आहे," साहेब म्हणाले.

"आळशी कुणाला म्हणता?"

त्या दोघांची जी जुंपली ती जुंपलीच. मी मध्ये उभा होतो आणि दोघंही माझ्याच छातीवर बोट आपटून बोलत होते. माझ्या मुलीला नेमकं काय येतं आणि काय येत नाही, हे त्या दोघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं, पण त्या वेळी ते माझ्या लक्षात आलं नाही.

रात्रीच्या जेवणाला मी बंदी जाहीर केली. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, आणि साडे किंवा पावणे लागलेला कोणताही शब्द या घरात बोलला जाणार नाही. जो बोलेल तो भांडी घासेल.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?" बायको म्हणाली.

"मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

"अरे, पण मग पाऊण कप चहाला म्हणायचं काय?" आईनं विचारलं.

"तीन चतुर्थांश कप."

"नको मग मला चहा," आई म्हणाली आणि ताटावरून उठली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरातला चहा भिंगरी मोजायची. स्टुलावर उभी राहून, "आजीचा पाऊण, आईचा सव्वा, बाबांचा दीड, म्हणजे झाले साडेतीन," असं म्हणत ती पाणी ओतायची, आणि शेवटचा कप भरल्यावर पातेल्यात थेंब उरायचा नाही. एवढं गणित ती रोज करत होती आणि आम्ही सगळे त्याला चहा म्हणत होतो.

बंदीचा पहिला बळी मीच ठरलो. "अर्ध्या तासात येतो," म्हणालो आणि सिंक गाठलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका पत्राबद्दल "अर्धवट मजकूर" म्हणालो. मी खूप वाद घातला की हा वेगळा शब्द आहे, पण बायकोनं घासणी माझ्या हातात दिली. त्या आठवड्यात घरातली भांडी बहुतेक मीच घासली, आणि प्रत्येक पातेल्यात मला बाईंचा चेहरा दिसत होता, त्यामुळे ती फार स्वच्छ निघाली.

घराबाहेरही नियम पाळायचा असं मी ठरवलं होतं. वाण्याकडे गेलो आणि म्हणालो, "एक पूर्णांक एक द्वितीयांश किलो साखर."

वाण्यानं मागच्या फळ्यांवर नजर फिरवली. "ती कंपनी आमच्याकडे येत नाही, साहेब. साधी देऊ का?"

मागे रांग होती. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, बिनसाखरेची असेल ती." दुसरे म्हणाले, "औषधाच्या दुकानात मिळेल." मी रागारागानं दोन किलो साखर घेऊन घरी आलो.

मग शिंपी. मला नवी पँट शिवायची होती. माझी कंबर साडेचौतीस. मी छाती पुढे काढून "चौतीस पूर्णांक एक द्वितीयांश" असं सांगितलं. त्यानं मान डोलावली, कानावरची पेन्सिल काढली आणि काहीतरी लिहिलं. चार दिवसांनी पँट आली ती अशी, की तिचं बटण लावल्यावर मला श्वास घेता येईना. मी तडक दुकानात गेलो.

"तुम्ही चौतीस म्हणालात," शिंपी म्हणाला.

"चौतीस पूर्णांक एक द्वितीयांश म्हणालो!"

"पुढचं मला वाटलं तुम्ही काही मंत्र वगैरे म्हणताय. नव्या कपड्याचं म्हणून. मी मध्ये बोललो नाही." त्यानं शिवण उलटून दाखवली. आत सोडायला कापडही ठेवलेलं नव्हतं.

आणि मग आईचं चूर्ण. आईला पोटासाठी चूर्ण दिलं होतं. डॉक्टरांनी पाव चमचा सांगितलं होतं, पण माझ्या तोंडून पाव निघणं शक्य नव्हतं. मी ऑफिसला जाता जाता दारातून ओरडलो, "आई, एक चतुर्थांश चमचा घे." आईनं विचार केला, चतुर्थांश म्हणजे चाराचं काहीतरी. त्यातून माझ्यासारखा शिकलेला मुलगा एवढा जोर देऊन सांगतोय, म्हणजे चार. तिनं चार चमचे घेतले. आमच्या घरात संडास एकच आहे. त्या दिवसाबद्दल मी जास्त लिहीत नाही. बायकोनं शेवटी वहिनींचं दार वाजवलं, आणि पदकांच्या खालून आमच्या कुटुंबाची ये-जा दिवसभर चालू राहिली. वहिनींनी एवढंच म्हटलं, "दशांशात असं झालं नसतं."

त्या संध्याकाळी आई पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "तुझा बाप अगदी कमी शिकलेला होता, पण त्यानं मला असं कधी मारायला काढलं नव्हतं."

या सगळ्या गोंधळात नियम पाळण्यात एकच व्यक्ती एकदाही चुकली नाही. भिंगरी. तिला एकदाही भांडी घासावी लागली नाहीत. मला तिचा अभिमान वाटत होता. म्हटलं, बघा, मूल कसं पटकन शिकतं. मी जेवताना सगळ्यांना हे बोलूनही दाखवलं.

बायकोनं ताट आपटलं. "शिकत नाहीये ती. गप्प बसलीय. चहा करायला येत नाही. किती भात वाढू विचारलं तर म्हणते, कितीही. काल तिला म्हटलं, घड्याळात बघून सांग गं किती वाजले, तर म्हणाली, मला नाही येत. घड्याळ नाही येत म्हणाली, अहो! पहिलीत असल्यापासून येतं तिला!"

मी भिंगरीकडे बघितलं. ती भाताच्या ढिगात बोटानं रेषा काढत होती. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मला वाटलं, पाढे म्हणते आहे. मी तिथेही तिला काही विचारलं नाही. मला इतका राग आला होता, की विचारायला जागाच नव्हती. बाईंचा राग, साहेबांचा राग, शिंप्याचा राग. सकाळी उठून मोठ्या बाईंकडे जायचं आणि काय तो निकाल लावायचा, असं मी ठरवलं.

आता स्वाभिमानाच्या लढाईला जाताना माणसानं चांगले कपडे घालावेत. बाकीच्या पँटी धुवायला टाकलेल्या होत्या, म्हणून मी ती नवी पँट घातली.

मोठ्या बाईंच्या खोलीत गणिताच्या बाई आधीच बसल्या होत्या. "बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. मला बसता येणं शक्य नव्हतं. बसलो असतो तर बटण थेट त्यांच्या कपाटाच्या काचेवर गेलं असतं.

"मी उभाच राहीन," मी म्हणालो.

"निषेध म्हणून?"

"हो," मी म्हणालो, कारण दुसरं काय सांगणार? श्वास जेमतेम अर्धा येत होता, आणि तसं म्हणायचीही सोय नव्हती.

भिंगरी माझ्या शेजारी उभी होती. मी बोलायला लागलो. दीड म्हणजे काय, घड्याळ म्हणजे काय, खिडकीवरची पाटी म्हणजे काय. पण पँटीमुळे वाक्य मध्येच तुटायचं आणि मला पुन्हा हवा भरून घ्यावी लागायची. त्या प्रत्येक खंडात गणिताच्या बाई मान हलवून म्हणायच्या, "बघा, पालकांचाच गोंधळ आहे." ऑफिसातली वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं पुरी करण्यात घालवली, आणि ऐन वेळी माझं स्वतःचं एकही पुरं होईना.

मोठ्या बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "हे पटकन आवरू या. मला पावणेबाराला मीटिंग आहे."

"पावणेबारा म्हणायचं नसतं," भिंगरी म्हणाली.

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. किती दिवसांनी तिचा आवाज मी ऐकत होतो.

"अकरा पूर्णांक तीन चतुर्थांश म्हणायचं," ती म्हणाली. ती कुणाला टोमणा मारत नव्हती. नियम होता, तो सांगत होती.

गणिताच्या बाईंचा चेहरा उजळला. "बघा, मोठ्या बाई! मी सांगितलेला उपाय लागू पडला." मला वाटलं मी आता फुटतो. माझ्या घरातला चहा बंद पडला, आई मरता मरता वाचली, मी हवेशिवाय उभा आहे, आणि उपाय यांचा!

"ते घड्याळापुरतं झालं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पेपरातलं शेवटचं गणित हिनं कोरं सोडलं होतं. तसलं एक सांग बघू. दोनातून एक तृतीयांश गेले, किती उरले?"

भिंगरीचे ओठ हलले, भाताच्या ताटासमोर हलायचे तसे. मग ती म्हणाली, "तिवणेदोन."

"काय?"

"तिवणेदोन." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "पेपराच्या वेळी मला आलं नाही, कारण त्याला आमच्या घरी नावच नव्हतं. पावाला होतं. मग मी ठेवलं. तीन सारखे वाटे केले की एका वाट्याला म्हणायचं तीव. पाव गेल्यावर उरतं ते पाऊण, म्हणून तीव गेल्यावर उरतं ते तिऊण. आणि दोनाला पाव कमी म्हणजे पावणेदोन, तर दोनाला तीव कमी म्हणजे तिवणेदोन." मग ती गणिताच्या बाईंकडे वळली. "तुमच्यात एक पूर्णांक दोन तृतीयांश म्हणतात."

मोठ्या बाईंनी बोटांवर काहीतरी केलं. मग टेबलावरचं पेन घेऊन कागदावर केलं. मग पेन खाली ठेवलं.

"असा शब्दच नाही," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"आहे," भिंगरी म्हणाली. "मी रोज वापरते."

"कुठे वापरतेस?"

"मनात."

मोठ्या बाईंनी तो कागद घडी करून वहीत ठेवला. मग म्हणाल्या, "ही आपल्या वर्गातच बसेल." गणिताच्या बाई काही म्हणायला लागल्या, तेव्हा त्यांनी हात वर केला. मी आभार मानायला वाकलो आणि बटण गेलं. ते कपाटाच्या काचेवर आपटून खाली पडलं. आम्ही तिथून निघालो, मी पँट एका हातात धरून आणि दुसऱ्या हातात भिंगरीचा हात.

रस्त्यात मी मनातल्या मनात शाळेला, साहेबांना, वहिनींना अशी तीन पत्रं लिहिली, तिन्ही अतिशय कडक. मग विचारलं, "तीव, तिऊण, हे सगळं तू मला का नाही सांगितलंस गं?"

"घरात शब्दांना बंदी होती ना," ती म्हणाली.

तिन्ही पत्रांवरचे पत्ते मी मनातल्या मनात खोडले आणि तिथे माझा पत्ता घातला.

घरी आल्या आल्या मी बंदी उठवली. आईनं पलंगावरूनच पाऊण कप चहा मागितला, दोनदा, मोठ्यानं. बायको सफरचंद कापायला बसली तेव्हा भिंगरीनं तिच्या हातातून सुरी घेतली.

"रोज दुपारी आजी, आई आणि मी एक सफरचंद खातो," तिनं मला सांगितलं. "तीव तिथूनच काढला मी. तिघींचा आहे तो. तुम्ही ऑफिसात असता."

तिनं सफरचंदाचे चार वाटे केले. मापून केले, डोळा बारीक करून, आणि एक माझ्या हातावर ठेवला.

"हा तुमचा पाव," ती म्हणाली आणि चहाचं पाणी मोजायला स्टुलावर चढली.

मी ओट्यापाशी उभाच होतो, एका हातात पँट धरून. माझा राग अजून गेलेला नव्हता. पण सफरचंद खाताना माणसाला ओरडता येत नाही, म्हणून मी तिचं मोजणं ऐकत राहिलो.